आत्याची पळी आणि माझा उजवा कान

थंडी पडायला लागली की आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांच्या ग्रुपवर लसणाचं तेल येतं. दर वर्षी. गच्चीतल्या दोऱ्यांवर गोधड्या दिसायला लागल्या की कोणीतरी पाठवतंच: कान दुखतोय? घरच्या घरी करा, लसणाच्या दोन पाकळ्या, चमचाभर तेल, कोमट करा आणि सोडा कानात. खाली जोडलेले हात, फुलं आणि ‘खूप छान माहिती ताई’. मागच्या थंडीत मला राहवलं नाही. मी लिहिलं, ‘आधी तुमच्या नवऱ्याच्या कानात सोडा. पोरांच्या कानाला हात लावाल तर याद राखा.’ सून म्हणाली, “आई, असं लिहितात का? सगळे हसतायत.” हसू देत. मुलगा म्हणाला डिलीट कर, मी नाही केलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला ग्रुपमधून काढायची कोणाची छाती नाही, आणि काढलंच तर मी गच्चीवर उभं राहून ओरडून सांगेन. त्या तेलाशी माझं वैर फार जुनं आहे. ही बिल्डिंग आज जिथे आहे तिथून दोन गल्ल्या सोडून आमचं घर होतं. गोडदेव तेव्हा गाव होतं, आणि आमच्या घराच्या ओट्यावर बसून माझी सख्खी आत्या गावभरच्या कानांत तेल घालायची.

जनाआत्या ही बाबांची मोठी बहीण. लग्न होऊन सासरी गेली आणि वर्षाच्या आत परत आली. ‘पटलं न्हाय’ एवढंच घरात बोललं जायचं. त्यापुढे कोणी एक शब्द काढला की आत्या हातातलं काम टाकून उठून जायची, आणि मग त्या दिवशी भाकऱ्या करपायच्या. म्हणून कोणी काढायचं नाही. बाबा आणि आई दिवाळीनंतर उजाडायच्या आत मिठागरावर जायचे, बांध घालायला, आणि घर आत्याच्या हाती असायचं. आत्या म्हणजे कडक काम. थंडीच्या दिवसांत खाडीवरचा वारा थेट आमच्या मागच्या दारातून आत यायचा. ती चुलीपुढे पाठ करून बसायची आणि तांदळाच्या भाकऱ्या अशा थापायची की तो थपथप आवाज ऐकून आम्ही भावंडं अंथरुणातून उठायचो. सोबत सुका जवळा, कांदा घालून परतलेला. तो वास आजही कुठे आला तर मी पत्ता विचारत त्या घरापर्यंत जाईन. आत्याच्या हाताला चव होती हे मी नाकारत नाही. मी तिची चुगली करायला बसलेली नाही. पण तिचं म्हणणं असं होतं की थंडी माणसाच्या अंगात कानातूनच शिरते, म्हणून कान तेलानं बुजवला की थंडीची वाट बंद. हे तिला तिच्या आईनं सांगितलेलं, आणि तिच्या आईला आणखी कोणी. गावात एकाही माणसाला यात काही वावगं वाटत नव्हतं.

रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर पोरांची रांग लागायची. आत्या खोबरेल तेलात लसूण आणि ओवा घालून ते चुलीवर कडकडीत करायची, मग निवू द्यायची. तिची एक पितळी पळी होती, बोटाएवढ्या वाटीची, लांब दांड्याची. त्या पळीत तेल घेऊन ती आधी स्वतःच्या मनगटावर एक थेंब टाकायची, चटका बसत नाही ना बघायची, मग पोराचं डोकं मांडीवर आडवं घेऊन कानाची पाळी वर ओढायची आणि सोडायची तेल. कानात बुड्बुड् आवाज व्हायचा. “हलू नको रं, मेल्या!” वर कापसाचा बोळा, डोक्याला फडकं, पाठीवर धपाटा, की पुढचं पोर. काशीगावाहूनसुद्धा बायका पोरं घेऊन यायच्या, म्हणायच्या जनाबाईच्या हाताला गुण आहे. आत्या नेहमी ओट्याच्या एकाच टोकाला बसायची, डावा खांदा भिंतीला लावून. ती तिची जागा. आणि चालता चालता तिला मध्येच हाक मारली तर कधी कधी ती ओ द्यायचीच नाही, सरळ पुढे निघून जायची. आम्ही समजायचो, आज आत्याचा पारा चढलाय.

मी आठवीत असताना माझा उजवा कान वाहायला लागला. आधी सर्दी झाली, मग दोन दिवस असा ठणका लागला की मी भिंतीवर डोकं आपटून घ्यायची. तिसऱ्या दिवशी ठणका थांबला आणि उशी ओली झाली. आत्या म्हणाली, “बघ, थंडी भाईर पडली,” आणि पळी घेऊन आली. त्यानंतर रोज तेल. जितकं तेल तितका कान वाहायचा, आणि जितका वाहायचा तितकं तेल. वास यायला लागला. शाळेत माझ्या बाकावरची मुलगी आधी टोकाला सरकली, मग उठून दुसरीकडे बसली. त्या कानानं सगळं माठात तोंड घालून बोलल्यासारखं ऐकू यायचं. शुद्धलेखनात मी अर्धे शब्द गाळायला लागले. रेगे बाई दादरहून आमच्या शाळेत शिकवायला आलेल्या, नव्या, तरुण. त्यांनी मला वर्गातून बाहेर बोलावलं, आणि माझी समजूत अशी की आता छडी. त्यांनी माझ्या कानातला बोळा काढला, नाकाला रुमालही लावला नाही, आणि विचारलं, “कुंदा, हे किती दिवस चाललंय?” मी म्हटलं, दिवाळीपासून. घरी बाबांनी वेगळाच निकाल लावून टाकला होता: “ऐकू येत न्हाय तर शालेन बसून काय करनार? संक्रांत झाली की मिठागरावर चल.” बाबा वाईट नव्हते. पण माझी शाळा कानाच्या एका भोकातून गळून चालली होती आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं, ह्यानं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

रेगे बाईंनीच मला शाळा सुटल्यावर केबिन रोडवरच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर गुजराती, जाडसर, कपाळाला गोल आरसा बांधलेला. त्यांनी दिव्याचा उजेड त्या आरशावरून माझ्या कानात टाकला आणि पाळी ओढून आत बघितलं. मग बारीक चिमटा आत घालून काहीतरी ओढलं. मी किंचाळले. त्यांनी ते पांढऱ्या कागदावर ठेवलं आणि आम्हाला दाखवलं: लसणाचा तुकडा. काळपट, फुगलेला, नखाएवढा. “कोण बोलला तुला कानात लसूण घाल? भाजी बनवायची काय अंदर?” ते ओरडले. मग जरा शांत झाले आणि मला, बाईंना नव्हे, मला समजावून सांगितलं. कानाच्या आत एक पडदा असतो. तुझ्या पडद्याला भोक पडलंय. थंडी कानातून नाही शिरत, बेटा. सर्दी नाकातून मागच्या मागे कानात जाते. तो पडदा आपोआप भरून येईल, पण कोरडा राहिला तरच. पाणी नाही, तेल नाही, काडी नाही. आंघोळीला कापसावर व्हॅसलीन लावून बाहेरून बोळा. शिंकरायचं तर हळू, एकेक नाकपुडी. आत जाईल ते फक्त मी दिलेलं औषध. होळीपर्यंत सांभाळ. “आणि नाय सांभाळला तर?” मी विचारलं. “तर हा कान गेला समज. मग हाडात पण जाते.” मी म्हटलं, तो लसणाचा तुकडा मला बांधून द्या.

तो तुकडा मी घरी नेऊन ओट्यावर सगळ्यांसमोर उघडला. आत्यानं बघितला, वास घेतला, आणि म्हणाली, “ह्यो माझा लसून न्हाय.” जसं काही गावातली दुसरी कोणी बाई चोरून माझ्या कानात लसूण लावून गेली! मी सांगितलं, होळीपर्यंत माझ्या कानात तेलाचा थेंब जाणार नाही. बाबा म्हणाले, मोठ्या माणसाला असं बोलतात काय? आईनं फक्त माझ्यासाठी व्हॅसलीनची डबी फळीवर वेगळी ठेवली, मीठ मोजायच्या मापामागे, आत्याला दिसणार नाही अशी. आईचं बोलणं असंच असायचं. आत्या चार दिवस माझ्याशी बोलली नाही. माझ्या ताटात भाकरी आपटून जायची. पण खरी गंमत अशी की रविवारी ओट्यावरची रांग कमी झाली नाही. लोक म्हणाले, डॉक्टरला काय कळतंय? त्याच्या बापजाद्यांनी कधी कान दुखलेला बघितलाय? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसला गाव आमचा. मी मात्र आंघोळीला बोळा, डोक्याला फडकं, असं सगळं बिनचूक करत राहिले आणि खरंच, आठवड्याभरात वास गेला. दोन आठवड्यांत उशी कोरडी झाली. मला वाटलं, जिंकले.

मग तो रविवार आला. दुपारी जेवून मी पडवीत डाव्या कुशीवर झोपले होते. उजवा कान वर. कानात कोमट काहीतरी सरकलं आणि मला झोपेतच तो जुना वास आला. डोळे उघडले तर आत्या माझ्यावर वाकलेली, एका हातात पळी, दुसऱ्या हातात माझ्या कानाची पाळी. मी अशी उसळले की तिच्या हनुवटीवर माझं डोकं आपटलं. मान वाकडी करून मी ते तेल बाहेर ओतलं, परकराच्या टोकानं टिपलं, आणि मग मला काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी तिच्या हातातली पळी हिसकावली, मागच्या दारातून धावत घरामागच्या तळ्यापर्यंत गेले आणि जेवढा जोर अंगात होता तेवढ्यानं ती पळी तळ्यात भिरकावून दिली. आजूबाजूच्या घरांतून लोक बाहेर आले. बाबा आले. “जा, काढून आन!” ते गरजले. मी म्हटलं, “मी पान्यात उतरनार न्हाय. कानान पानी जाईल.” बाबांनी हात उगारला. मी जागची हलले नाही. “मारा. पन माझा कान हाय. तो माझा हाय.” मी एवढंच म्हणाले. तेरा वर्षांची होते. लोक सांगतात, असल्या आठवणींचं पुढे हसू येतं. मला नाही येत. तो हात अजूनही माझ्यासमोर उगारलेलाच आहे आणि मी अजूनही म्हणतेय, मारा.

बाबांचा हात खाली यायच्या आत आत्या आमच्या शेजारून गेली. कोणाकडे न बघता, लुगडं वर खोचून, ती सरळ तळ्यात उतरली. तिची पळी होती ती, ती काय दुसऱ्या कोणाच्या भरवशावर राहणार? थंडीतलं पाणी, गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. आता तळ्याचं तुम्हाला सांगितलं पाहिजे: आमच्या बाजूच्या काठाशी घरं सारवायला माती काढून काढून एक खड्डा झाला होता, गावातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असलेला. आत्या त्याच्याकडेच चालली होती. मी काठावर, तिच्या डाव्या हाताला. ओरडले, “आत्या, खड्डा! फुडं जाऊ नको!” ती चालतच राहिली. मी पुन्हा ओरडले, घसा फुटेस्तोवर. तिनं मानसुद्धा वळवली नाही. आणि पुढच्या पावलाला आत्या पाण्याखाली गेली. बाबांनी उडी घेतली, केसांना धरून तिला वर ओढलं. ती खोकत, ओकत काठावर बसली. सगळे म्हणाले, रागानं आंधळी झालेली, दुसरं काय. पण मी तिथेच उभी होते आणि मला तिचं तोंड दिसलं होतं. ती रागात नव्हती. ती पळी शोधत होती, आणि तिला माझी हाक पोचलीच नव्हती.

पळी काही सापडली नाही. पुढे तळं बुजवून त्यावर बिल्डिंगी उभ्या राहिल्या, त्यातल्या कुठल्यातरी एकीच्या पायाखाली ती आज असेल. दुसऱ्या दिवशी आई-बाबा मिठागरावर गेल्यावर आत्या चुलीपुढे बसली होती. मी मागून गेले आणि तिच्या डाव्या बाजूला उभी राहून हळूच म्हटलं, “आत्या.” काही नाही. “आत्या, भाकरी जलतेय.” काही नाही. मग उजव्या बाजूला गेले, तितक्याच आवाजात म्हटलं, “आत्या.” “काय गो?” ती म्हणाली. मी म्हटलं, “आत्या, तुला डाव्या कानानं ऐकू येत न्हाय.” तिनं तवा खाली उतरवला. मला वाटलं, आता मारते. तिनं उठून आधी मागचं दार लावलं, मग येऊन बसली आणि म्हणाली, “कोनाला सांगू नको.” आजी-आजोबा गेल्यावर घरात कोणालाच माहीत नव्हतं, सख्ख्या भावालासुद्धा. लहानपणी तिचाही कान वाहायचा. तिची आई असंच तेल घालायची. लग्न झालं, सासू डावीकडून हाका मारायची, हिला ऐकू जायचं नाही. उर्मट म्हणून मार खाल्ला, आणि मग एक दिवस सासूच्या लक्षात आलं. “भैरी पदरान बांदली म्हनून आनून सोडली मला. मीच तुझ्या आजाला म्हनलू, लोकांना सांग पटलं न्हाय. उर्मट म्हनू दे, भैरी नको.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तुझा कान वाहाया लागला तवापासून मला झोप न्हाय. तुला पन आनून सोडतील ना गो.”

मला रडू फुटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी म्हटलं, “अगं मग तेच तेल माझ्या कानान घालत होतीस? तेच?” ती म्हणाली, “मला दुसरं काय ठावं हाय?” आज वाटतं, त्या वाक्यासाठीच मी ग्रुपवरच्या पोरींवर इतकी चिडते. आत्याला दुसरं ठाऊक नव्हतं. ह्यांच्या तर खालीच डॉक्टरचा दवाखाना आहे, लिफ्टनं गेलं तरी पोचतं. पुढच्या खेपेला मी आत्याला सोबत घेऊन केबिन रोडला गेले. आरसा, दिवा, सगळं झालं. डॉक्टर म्हणाले, “बेन, हा कान तर कवाचा गेला. तेलानं गेला की कशानं, आता नाय सांगता येत.” आत्या म्हणाली, “माझं ऱ्हाऊ द्या. ह्या पोरीचा नको जाया.” मग तिनं खास तिचा प्रश्न विचारला: कान ठणकला तर मिठाचा शेक दिला तर चालंल का? जाडं मीठ तव्यावर गरम करून, फडक्यात बांधून, कानाच्या मागे, बाहेरून. डॉक्टरांनी विचार केला आणि म्हणाले, “बाहेरून चालेल. चटका नाय बसला पाहिजे.” आत्याची मान अशी ताठ झाली की केबिन रोडभर ती माझ्यापुढे चालत आली. शेवटी आमच्या मिठागरातलं मीठ होतं ते.

त्या रविवारपासून ओट्यावर पुरचुंड्या आल्या. मनगटावर चटका बघायची सवय तीच, मांडीवर डोकं घेणं तेच, धपाटाही तोच. “आत काय घालाचं न्हाय. वाहात आसंल तर केबिन रोडला न्या, ह्या कुंदीला इचारा.” काही बायका तोंड वाकडं करून दुसरीकडे गेल्या. गेल्या तर गेल्या. होळीला डॉक्टरांनी सांगितलं, भोक बरंचसं भरलंय. उजव्या कानानं थोडं कमी ऐकू येईल, पण कान राहिला. मी शाळेत राहिले, मॅट्रिक झाले, पुढे नोकरीही केली. आता वयानं दोन्ही कानांना मशीन आलंय. मुलानं आत बसणारं, न दिसणारं दाखवलं होतं, मी ठळक दिसणारं घेतलं आणि केस वर बांधते. लोकांना दिसलं पाहिजे, म्हणजे ते समोर येऊन बोलतात.

नोकरी लागल्यावर मला बघायला पाहुणे यायचे ठरले. आदल्या दिवशी घरात मसलत झाली. शेजारच्या काकी म्हणाल्या, कुंदाला अशी बसवा की उजव्या बाजूला भिंत येईल, कोणाला काही कळायचं नाही. आईनंही मान डोलावली. मला ऐकून शिसारी आली, पण मी काही बोलायच्या आधीच आत्या उठून आत गेली, आणि मला वाटलं, तिलाही तेच हवंय. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, मुलाची आई, मामा, मुलगा. मी ट्रे घेऊन बाहेर आले. आत्या भिंतीजवळच्या तिच्या जागेवर नव्हती. ती खोलीच्या मधोमध बसली होती. मी कप ठेवते न ठेवते तोच ती मोठ्यांदा म्हणाली, “एक सांगतू. पोरीला उजव्या कानानं कमी ऐकू येतं. लपवाचं काय न्हाय. मला तर डाव्या कानानं कायच ऐकू येत न्हाय, बारीक व्हतू तवापासून.” बाबा तिच्याकडे बघतच राहिले. मुलाच्या आईचा हात कपापाशी थांबला होता. आत्या तिच्याकडे सरकली, आपला उजवा कान तिच्या बाजूला केला आणि म्हणाली, “चालत आसंल तर चाय घ्या. न्हायतर दार उघडंच हाय.”

मुलाच्या आईनं कप उचलला. पण मी तिच्याकडे नाही, आत्याकडे बघत होते.